कुटुंब क्रमांक सात

दुसऱ्या परीक्षकाचा शेरा हेमांगीने मोबाइलवर वाचला, तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी केळ्याच्या वेफर्सची पिशवी फोडली होती आणि ती फिरत फिरत तिच्यापर्यंत आली होती. तिने पिशवीत हात घातला आणि तो तसाच आत राहिला. 'कुटुंब क्रमांक सातमध्ये नोंदवलेली भूलचुकीची मूठ अन्य कोणत्याही कुटुंबात आढळत नाही. ही प्रथा केव्हापासून आहे व तिचा आधार काय? आधार द्यावा, अन्यथा परिच्छेद वगळावा. सदर कुटुंबाशी लेखकाचा संबंधही स्पष्ट होत नाही.' पहिला परीक्षक भला माणूस होता, त्याने दोन स्वल्पविराम सुचवले होते आणि लेखाला 'मौलिक' म्हटलं होतं. हा दुसरा मात्र नको तिथे बोट ठेवणारा. त्याचं नाव तिला कळणार नव्हतं, तिचं त्याला कळणार नव्हतं, संशोधनपत्रिकांचा हल्लीचा शिरस्ताच तो. दोन माणसांनी तोंडावर फडकी बांधून एकमेकांशी भांडावं तसा प्रकार. "मॅडम, वेफर्स घ्या ना," पलीकडून कुणी म्हणालं, तेव्हा तिने हात बाहेर काढला. तो रिकामाच होता. संबंध स्पष्ट होत नाही म्हणे. अरे बाबा, तो स्पष्ट होऊ नये म्हणून तर अख्खा रविवार घालवला होता तिने.

तो रविवार तिला लख्ख आठवत होता. पत्रिकेची अट अशी की लेखातून लेखकाची ओळख पटेल असं काहीही उरता कामा नये. जळगावच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती एकेक नाव शोधत गेली आणि पुसत गेली. धुळे गेलं, तिथे 'जिल्ह्याचे ठिकाण' आलं. चार नंबरची गल्ली गेली. पांझरा गेली, तिथे नुसती 'नदी' राहिली, आणि ते वाचून तिला उगीचच वाईट वाटलं, कारण सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन बायका जिच्याकडे नाचत निघायच्या ती काही नुसती नदी नव्हती, तिला वास होता, ओल्या गोणपाटाचा आणि कापराचा. मग माणसांची पाळी आली. रुपचंदकाकांचा 'कुटुंबप्रमुख (दिवंगत)' झाला. धाकट्या भावाचा, भूषणचा 'पुतण्या' करावा की 'भाऊ', यात ती अडकली, कारण ती काकांच्या बाजूने मोजत होती की स्वतःच्या, हेच तिला समजेना. आणि मंजुळाबाई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, जिने हेमांगीची आई दीर्घ आजारात असताना तिच्या वेण्या घातल्या, परीक्षेला जाताना हातावर दही ठेवलं, ती मोठी काकू 'माहितीदार स्त्री, वय अंदाजे ऐंशी' होऊन बसली. सगळं माहेर मिळून कुटुंब क्रमांक सात. क्रमांक एक ते सहा आणि आठ ते बारा ही परक्यांची घरं, एरंडोलची, दोंडाईच्याची, अमळनेरची. त्यांच्यामध्ये आपलं घर असं ओळीत उभं करताना तिला वाटलं होतं, लग्नात मुलीला पाठवतात ते असंच, मुकाट्याने, डोक्यावर पदर घेऊन.

लेखाचा विषय साधा होता. श्रावणात, नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, रात्रभर गाणी. त्या देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या म्हणजे रोट, आणि रोटाचे गहू पायलीने किंवा किलोने मोजत नाहीत, मुठीने मोजतात. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक मूठ. कुळाकुळाची रीत निराळी, कुठे फक्त पुरुषांच्या मुठी, कुठे सगळ्यांच्या. हेमांगीच्या माहेरी लेकीबाळींचीही मूठ होती, पण लग्न होईपर्यंत. लग्न झालं की मुलीचं कूळ बदललं, तिची मूठ बंद झाली, आणि रोटही बंद झाला, कारण तो फक्त भाऊबंदांनी खायचा. दारं लोटून खायचा, सांडायचा नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. लेखाचं शेवटचं वाक्य हेमांगीने फार विचार करून लिहिलं होतं: 'विवाहित मुलगी या मोजणीत कुठेच नसते.' ते वाक्य तिला आवडायचं. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठीच तिने लेख लिहिला होता. प्रोफेसरपदाच्या मुलाखतीसाठी एक लेख कमी पडत होता हे खरं, प्राचार्य दर आठवड्याला आठवण करून देत होते हेही खरं, पण तेवढ्यासाठी कुणी बारा घरांच्या उंबऱ्यावर बसत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने रेकॉर्डिंग काढून ऐकलं. तीन श्रावणांपूर्वीचं, माहेरचंच. आधी भांड्यांचा आवाज, मग अक्काचा, जरा चिरका, "चालू शे का ते? हां." मग सुपात गहू पडल्याचा आवाज, पावसाच्या पहिल्या थेंबांचा पत्र्यावर होतो तसला नाही, त्याहून मऊ. "हाई भूषननी. हाई रत्नानी. हाई..." अक्का आकडे मोजत नाही, नावं घेते. आकडा घेतला की माणसं मोजल्यासारखं होतं, ते देवीला चालत नाही, असं तिचं म्हणणं. नावं संपतात, जरासा थांबा येतो, आणि मग एक मूठ आणखी पडते. "हाई भूलचूकनी." त्या वेळी हेमांगीच्या अंगावर काटा आला होता. अकरा घरं पालथी घातली, कुठे ही मूठ सापडली नाही, आणि सापडली ती आपल्याच घरात! तिने त्यावर सबंध पान लिहिलं, 'विधीतील संभाव्य त्रुटीच्या परिमार्जनार्थ योजलेले अतिरिक्त माप', वगैरे वगैरे. संदर्भ जोडले. आता हा फडकंवाला विचारतोय, केव्हापासून? आणि तिला उत्तर माहीत नव्हतं. लहानपणी ही मूठ होती का? ती आठवायला बसली, तर दुसरंच आठवू लागलं.

ती पाच-सहा वर्षांची असेल. सगळ्यांच्या मुठी अक्काच्याच हाताने मोजायच्या, लहानमोठ्यांना माप एकच, पण त्या साली हेमांगी हटूनच बसली की माझी मूठ मीच टाकणार. काका रागावले. अक्काने काकांकडे पाहिलंच नाही. तिने आपल्या मुठीतले गहू हेमांगीच्या ओंजळीत ओतले, ओंजळ पुरेना, गहू मनगटावरून फ्रॉकमध्ये घरंगळले, गार, गुळगुळीत, आणि अक्का खालून आपला तळहात धरून होती, एकही दाणा जमिनीवर पडू नये म्हणून. "हाई मन्ही हेमानी," ती म्हणाली होती. हेमा. जळगावात तिला या नावाने कुणी हाक मारत नाही. इथे ती मॅडम, वहिनी, आई. तिला एकदम पुरणाचा वास आला, गंगाफळाच्या भाजीचा आला, नवीन कापडाचा आला, आणि त्या पाठोपाठ दुसरं साल आलं, नको असताना आलं. लग्नानंतरचा पहिला श्रावण. ती हौसेने धुळ्याला गेली होती, हिरव्या बांगड्या, नवी साडी. रात्रभर गाणी म्हटली. आणि दुपारी रोटाला बसायची वेळ झाली तेव्हा ती सवयीने आत निघाली, तर काका नुसते खाकरले. एवढंच. अक्काने तिचं ताट बाहेर ओट्यावर आणून ठेवलं, वरण, भात, वेगळ्या कणकेची पोळी. दार लोटलं गेलं. आत सगळे जेवत होते, भूषण कशाला तरी हसत होता, आणि ती बाहेर बसून त्या हसण्यात आपला आवाज शोधत होती. जेवण चांगलं होतं. तिने सगळं संपवलं. पण त्या दिवशी जे काही घशाशी अडकलं ते इतक्या वर्षांत खाली उतरलं नव्हतं, आणि शेवटी त्याचंच ते वाक्य झालं होतं.

"एवढं काय ऐकतेस?" योगराजने विचारलं. तिचा नवरा नुकताच बँकेतून निवृत्त झाला होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करणं हे आता त्याचं पूर्णवेळ काम होतं. "अक्का," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवायचा आहे लेख. उद्या धुळ्याला जाऊन येते." "फोन कर की." फोन करता आला असता. पण अक्काला फोनवर काही विचारलं की ती आधी पाऊसपाणी सांगते, मग गुडघे, मग तोवर फोन भूषणकडे जातो. शिवाय हेमांगीला जायचंच होतं. लेकीचं, शीतलचं लग्न होऊन ती मार्गशीर्षात नाशिकला गेल्यापासून घर असं काही शांत झालं होतं की माणसाने कुठेही जावं.

बस पाळधी सोडून पुढे लागली. कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. एरंडोलला एक बाई टोपलीभर जांभळं घेऊन चढली आणि हेमांगीच्या शेजारी बसली, तिच्या साडीला डाग पडेल म्हणून स्वतःच आक्रसून बसली. हेमांगी खिडकीतून बघत मनात उत्तर जुळवत होती. अक्काने 'माझ्या सासूपासून' म्हटलं तर उत्तम, तीन पिढ्यांची परंपरा. 'आठवत नाही' म्हटलं तरी चालेल, 'स्मरणापलीकडील' लिहिता येतं. मग परिच्छेद वाचला, लेख वाचला, सगळं वाचलं. पारोळा गेलं तसं तिच्या लक्षात आलं, की आपल्याला परिच्छेदाची भीती वाटत नाहीये. त्या मुठीचं काहीतरी साधंच कारण निघेल, उंदरासाठी, सांडलवंडीसाठी, आणि मग आपल्या घराकडे, त्या दार लोटलेल्या घराकडे, खास आपलं असं काहीच राहणार नाही, भीती होती ती याची.

चार नंबरच्या गल्लीतलं घर आता घर राहिलं नव्हतं, दुमजली झालं होतं. खाली भूषणचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, तांब्याच्या तारांचा आणि वॉर्निशचा वास. ओटा मात्र तेवढा ठेवला होता. "ताई! कळवायचं तरी," भूषण हात पुसत म्हणाला. वर अक्का पलंगावर पाय लांब करून गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि शेंग तशीच धरून म्हणाली, "हेमा, तू कशी काय ऊनी? बठ्ठं ठीक शे ना?" हेमांगी तिच्या पायाशी बसली. जळगावची मराठी जिन्यातच राहून गेली. "ठीक शे अक्का. एक इचारानं व्हतं. ती भूलचूकनी मूठ तू कधीपाईन टाकस?"

"तुले कसाले जोयजे?"

"लेखमा लिखेल शे मी. ते लोके इचारी राहिनात."

"कोन लोके?"

"माले माहित नही. त्या नाव सांगतस नही."

"नाव ना गाव, आनि इचारतस!" अक्का हसली. तिला दात फारसे उरले नव्हते, पण हसू जुनंच होतं. "काय लिखं तू? वाच बरं." हेमांगीने मोबाइल काढून वाचलं, परिमार्जनार्थ, अतिरिक्त माप, सगळं. अक्काने फार लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "हाई मराठीमाच शे ना?" हेमांगीला हसू आलं, पण अक्का आता हसत नव्हती. तिने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. रत्ना, भूषणची बायको, आत कुकर लावत होती. अक्काने शेंगांचं ताट बाजूला सारलं, हेमांगीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुन्हं लगीन व्हयनं, त्या सालपाईन."

हेमांगीला पहिल्यांदा काही कळलंच नाही.

"त्या साले मी गहू मोजाले बसनू. तुन्हा काका समोर बशेल व्हतात. बठ्ठास्न्या मुठी टाक्यात, आनि हाथ थांबनाच नही ना माय. इतला सालनी सवय. तुन्ही मूठ पडी गई सुपमा. पडनं ते देवीनं, परत काढता येस का? तुन्हा काका म्हने, हाई कोननी? मन्हा तोंडमा तुन्हं नाव येल व्हतं. गिळी टाकं. म्हनी, भूलचूकनी."

"आनि पुढला साले?"

"पुढला साले काय," अक्का म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत एकाएकी असा खट्याळपणा आला की ऐंशी वर्षांची बाई लहान दिसू लागली, "पुढला साले बी चुकनू. मंग दर साले चुकनू. तुन्हा काका म्हनेत, हाई बाईले मोजताच येत नही." कुकरची शिट्टी झाली. अक्का थांबली, शिट्टी संपू दिली. "बठ्ठं एकच पीठ व्हई जास, हेमा. कोननी मूठ कोना तोंडमा गई, कोनले समजस? तू वटावर बशेल व्हती ना, नवी साडी नेसीसन? मी देखी राहिंतू दारना फटमाईन. माले वाटे, जाईसन सांगू. पोर, तू बाहेर बशेल शे, पन तू मझारबी शे."

हेमांगीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. चांगली पंचावन्न वर्षांची बाई, तीन पुस्तकं नावावर असलेली, रडत होती आणि तिला आवरायचंही नव्हतं. सगळी वर्षं तिने ओट्यावरून मोजली होती, दार बाहेरून पाहत. आणि आत दर श्रावणात तिची मूठ दळली जात होती, मळली जात होती, काका स्वतः खात होते, त्यांना माहीत नसताना, त्यांनी खाकरून बाहेर ठेवलेल्या मुलीची मूठ. आणि तीन श्रावणांपूर्वी ती स्वतः हातभर अंतरावर बसून, रेकॉर्डर लावून, आपलीच मूठ पडताना ऐकत होती, आणि अंगावर काटा आला तो कशामुळे, तर नवीन विधी सापडला म्हणून! अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत होती, गवारीचा हिरवा वास असलेला हात. "लिखजो नको पन," ती म्हणाली. "भाऊबंदले समजनं ते म्हनतीन, इतला साल लगीन व्हयेल आंडेरनी मूठ टाकी, रोट बाटाडा. भूषनले बोल लागी." मग जरा वेळाने, "मी मरनू का मंग लिख."

परतीच्या बसमध्ये ती मागच्या बाकावर बसली. डोळे चुरचुरत होते. रत्नाने डब्यात गवारीची भाजी आणि कळण्याची भाकरी दिली होती, ती मांडीवर गरम लागत होती. आता काय करायचं हा प्रश्न होताच, पण तो प्रश्न आता त्या दुसऱ्या परीक्षकाचा राहिला नव्हता. उत्तर दिलं तर लेख मौलिक काय, अमोलिक होईल, असा पुरावा कुणाला सापडतो? पण कुटुंब क्रमांक सात कोणतं ते पुण्यातल्या माणसाला कळलं नाही तरी धुळ्यातल्या माणसाला पहिल्या पानावर कळेल, नदी म्हणा की पांझरा म्हणा. भूषणच्या ओट्यावर चार भाऊबंद येऊन बसतील. अक्काने आयुष्यभर वेंधळी म्हणवून घेऊन जे झाकलं, ते आपण तळटीप देऊन उघडं करायचं? आणि परिच्छेद काढला, तर ते शेवटचं वाक्य उरतं. कुठेच नसते. ते आता खोटं होतं. बारापैकी अकरा घरांत खरं असेल, पण तिने ते अकरा घरांसाठी लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ती लॅपटॉपसमोर बसली. योगराज पेपर घेऊन समोरच्या खुर्चीत, मदतीला म्हणून, म्हणजे प्रश्न विचारायला. तिने भूलचुकीच्या मुठीचं सबंध पान निवडलं आणि पुसलं. पान रिकामं झालं, खालचा मजकूर वर सरकला, जणू मध्ये कधी काही नव्हतंच. परीक्षकाला द्यायच्या उत्तरात तिने लिहिलं: 'आक्षेप मान्य. सदर मूठ हा विधीचा भाग नसल्याचे पुनर्भेटीत स्पष्ट झाले. परिच्छेद वगळला आहे.' यातला शब्द न् शब्द खरा होता. लेखकाचा कुटुंबाशी संबंध काय, यापुढे तिने लिहिलं, 'लेखिका या कुटुंबातील आहे.' पोर्टलवर ते उत्तर परीक्षकापर्यंत जाईल, छापलं जाणार नाही. पहिल्यांदा तिने 'होती' लिहिलं होतं, मग बदललं. उरलं शेवटचं वाक्य. ते पुसायला तिचा हात धजेना. ओट्यावर बसलेली ती हिरव्या बांगड्यांची पोरगी त्या वाक्यात बसली होती, तिलाही असं उठवून लावणं बरं नव्हतं. मग तिने मध्ये एक शब्द घातला. 'विवाहित मुलगी या मोजणीत नावाने कुठेच नसते.' वाचलं. पुन्हा वाचलं. आणि पाठवायचं बटण दाबलं. लगेच आभाराचं यांत्रिक पत्र आलं, आदरणीय लेखक, आपला लेख प्राप्त झाला. घशाला हात लावून पाहिल्यासारखं तिने गिळून पाहिलं.

नागपंचमी झाली. शनिवारी सकाळी जळगावच्या घरात तिने गहू निवडायला घेतले. योगराजचं कूळ चोपड्याचं, त्यांच्याकडेही मुठी सगळ्यांच्या नावाने. पूर्वी सासूबाई मोजायच्या, त्या गेल्यापासून हेमांगी. गेल्या साली शीतल शेजारी बसून सुपाचा फोटो काढत होती, 'आई, माझी जरा मोठी घे, मी डाएट सोडलंय' म्हणत होती. आज सुपाशेजारची ती जागा रिकामी होती. सकाळी फोन आला होता तिचा, नाशिकला पाऊस आहे, तिकडे कानबाई बसवत नाहीत, सुटीही नाही. आवाजात काही नव्हतं, आणि काही नाही हेच हेमांगीला ऐकू आलं होतं. योगराज समोर पाट टाकून बसला. तिने मूठ भरली. "ही ह्यांची." गहू सुपात पडले. "ही अभिमनची." मुलगा आतल्या खोलीत फोनवर बोलत होता. "ही माझी." एवढीच माणसं. तिचा हात पुन्हा गव्हात गेला, मूठ भरली, सुपावर आली आणि थांबली. गार, गुळगुळीत दाणे. तोंडाशी आलेलं नाव तिने गिळलं आणि मूठ उघडली.

"ही कोणाची?" योगराजने विचारलं.

"भूलचूकची."

त्याने सुपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अशी मूठ आपल्याकडे कधी नव्हती. तुझ्या त्या लेखात आहे का ही?"

"होती," हेमांगी म्हणाली आणि सूप उचलून दळणाकडे वळली. "काढून टाकली."